राजाचे लेकावळे: प्लँटॅजेनेट घराण्याच्या अनौरस वंशजांचा माग कसा काढावा

गेल्या दिवाळीत इंग्लंडात राहणाऱ्या मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एक लांबलचक वंशावळ धाडली. तिचा जावई यॉर्कशायरचा. त्याच्या कुणा काकाने इंटरनेटवर जुळवलेली ही वंशावळ. सगळ्यांत वर इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, म्हणजे प्लँटॅजेनेट राजघराण्याचा पहिला राजा, त्याच्याखाली 'अनौरस मुलगा', मग अठ्ठावीस पिढ्या आणि तळाशी ताईचा तीन वर्षांचा नातू. सोबत निरोप: "पोरगं राजघराण्यातलं निघालं म्हणे! तू मोडीच्या कागदांत डोकं घालून बसलेली असतेस, जरा खरं-खोटं करून सांग."

खरं-खोटं करण्यात पुढचे सात महिने गेले. त्या खटाटोपातून हाती लागलेली पद्धत इथे मांडते आहे. कुणाच्या घरात इंग्रज सून-जावई आला असेल, किंवा नुसतीच मध्ययुगाची आवड असेल, तर उपयोगी पडेल.

आधी एक हिशेब करून टाका. आजच्या माणसापासून बावीस पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात ४१,९४,३०४. तिसरा एडवर्ड १३७७ मध्ये वारला तेव्हा अख्ख्या इंग्लंडची लोकसंख्या पंचवीस-तीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे जागा जास्त, माणसं कमी, आणि तेच तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येणार. त्यामुळे जुन्या इंग्रज कुटुंबात कुठून तरी राजाचं रक्त आलेलं असणं यात नवल काहीच नाही. अवघड आहे ते कुठून आलं हे कागदाने दाखवणं. आपलं काम तेवढंच.

पहिली पायरी: मूल ठरवा

'राजघराण्याचा अनौरस वंश' असं मोघम शोधायला गेलात तर बुडाल. एक मूल धरा आणि त्याचा वंश पुढे चालला का ते आधी पाहा.

दुसऱ्या हेन्रीच्या आईचा बाप पहिला हेन्री (मृत्यू ११३५) या घराण्याच्या आधीचा, पण त्याची वीसहून अधिक अनौरस मुलं माहीत आहेत. त्यांतला थोरला रॉबर्ट ग्लॉस्टरचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, झाला. एक मुलगी सिबिला स्कॉटलंडची राणी झाली, आणि दोघं जण २५ नोव्हेंबर ११२० रोजी 'व्हाइट शिप' हे जहाज बुडालं तेव्हा औरस युवराजाबरोबर बुडाले. दुसऱ्या हेन्रीचा विल्यम लाँगेस्पे सॉल्झबरीचा अर्ल झाला, आणखी एक मुलगा जेफ्री यॉर्कचा आर्चबिशप. जॉन राजाची मुलगी जोन वेल्सच्या लुएलिनला दिली. जॉनचाच मुलगा रिचर्ड फिट्झरॉय, ज्याची लेक इझाबेल बर्कली घराण्यात गेली. चौथ्या एडवर्डचा आर्थर प्लँटॅजेनेट पार आठव्या हेन्रीच्या काळापर्यंत जगला आणि १५४२ मध्ये लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात वारला.

आता अडकणारी उदाहरणं. दुसऱ्या एडवर्डचा ॲडम पोरवयात १३२२ च्या स्कॉटलंड मोहिमेत गेला, वंश नाही. आर्चबिशप जेफ्रीच्या खाली कुणी नातवंडं जोडलेली दिसली तर भुवया उंचवाव्यात. जोनच्या बाबतीत तर फारच सावध राहा. लुएलिनच्या सगळ्याच मुली तिच्या पोटच्या असल्यासारख्या वंशावळींत टाकल्या जातात. ग्वलाडस डू ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय, कारण ती मॉर्टिमर घराण्यात गेली आणि तिथून शेकडो घराणी निघतात. पण तिची आई जोन होती असं सांगणारा समकालीन कागद नाही. ती लुएलिनची मुलगी होती, एवढंच पक्कं.

दुसरी पायरी: खालून वर चढा

राजापासून सुरुवात करून खाली येण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. वरून उतरताना दर पिढीला दहा वाटा फुटतात आणि आपल्याला हवी ती वाट 'सापडते'च. खालून वर जाताना दर माणसाला आई एक, बाप एक.

इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावंही मिळतात. त्यामागे चर्चच्या परगण्यांची रजिस्टरं: बाप्तिस्मा, लग्न, दफन. ही १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने सुरू झाली. १६४० आणि १६५० च्या दशकांत यादवीमुळे त्यांत मोठी भगदाडं आहेत. तिथे अडलात की मृत्युपत्रं हुडका. कँटरबरीच्या धर्मन्यायालयाची मृत्युपत्रं क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'प्रॉब ११' या दप्तरात आहेत, १३८४ पासून १८५८ पर्यंत. रजिस्टर सांगतं की जॉनला मुलगा झाला. मृत्युपत्र सांगतं की जॉनची बहीण कुठे दिली, मेव्हण्याला घोडा मिळाला आणि धाकट्याला फक्त पलंग. दोन सारख्या नावांची माणसं वेगळी करायची ती अशा तपशिलांवर.

सोळाव्या-सतराव्या शतकात एखादं बऱ्यापैकी जमीनदार घराणं गाठायचं, कारण त्यापलीकडे कागद फक्त जमीनवाल्यांचे. सामान्य घरांना राजघराण्याशी जोडणारी एखादी धाकटी लेक, एखादा कर्जबाजारी तिसरा मुलगा इथेच भेटतो. आर्थर प्लँटॅजेनेटची मुलगी फ्रान्सिस हे ठसठशीत उदाहरण. डेव्हनमधल्या बॅसेट घरात तिचं पहिलं लग्न, मग तिथल्याच पॉथरिजच्या मंक घरात दुसरं. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला गादीवर परत आणणारा सेनापती जॉर्ज मंक याच घरातला.

तिसरी पायरी: बाप शोधू नका, खर्च शोधा

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. आपल्याकडच्या सरदार घराण्यांचे लेकावळे वंशावळीत क्वचित सापडतात, पण जमाखर्चात हटकून सापडतात. इंग्लंडात तेच.

कारण कायद्याचं आहे. इंग्रजी कायद्याने अनौरस मूल 'कुणाचंच नाही'. त्याला वारसाहक्क नाही. पुढे आई-बापाने लग्न केलं तर चर्च अशा मुलाला औरस मानी, पण १२३६ मध्ये मर्टन इथे इंग्लंडच्या सरदारांनी बिशपांना ठणकावून सांगितलं की आम्ही देशाचे कायदे बदलणार नाही. म्हणजे बापाची जमीन आपसूक मिळायची सोय नव्हती. जे काही मिळायचं ते राजाने हाताने उचलून द्यायला हवं: एखादं मॅनर (जमीन-वाड्यासह इनाम), एखादी वारसदार नवरी, लढाईला जाताना चिलखत. आणि राजाने दिलं की कारकुनाने लिहिलं.

त्यामुळे ही दप्तरं चाळायची. पाइप रोल, म्हणजे खजिन्याचा वार्षिक हिशेब ('ई ३७२'), सर्वांत जुना ११३० चा आणि दुसऱ्या हेन्रीच्या काळापासून जवळजवळ सलग. सनदांचे चार्टर रोल ('सी ५३'), उघड्या पत्रांचे पेटंट रोल ('सी ६६') आणि बंद पत्रांचे क्लोज रोल ('सी ५४') तेराव्या शतकाच्या तोंडाशी सुरू होतात. राजाच्या खासगी खर्चाच्या वह्या 'ई १०१' मध्ये.

वर आलेला ॲडम घ्या. कुठल्याही राजवंशावळीत त्याला जागा नव्हती. तो सापडला तो १३२२ च्या खर्चवहीत. मोहिमेसाठी शस्त्रं आणि गरजेच्या वस्तू घ्यायला त्याला पैसे दिले, आणि कारकुनाने नावापुढे सरळ लॅटिनमध्ये लिहिलं: राजेसाहेबांचा बास्टार्ड मुलगा. ना लाज, ना मुलाहिजा. हिशेब पुरा व्हायला हवा इतकंच. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला टाइनमथच्या मठात त्याला पुरलं. राजाने त्याच्या देहावर घालायला जरीचं रेशमी वस्त्र दिलं. तेही कळतं ते हिशेबातूनच.

या रोलांची छापील 'कॅलेंडरं' मिळतात. ती भिंतीवरची नव्हेत. मूळ लॅटिन नोंदींचा इंग्रजी सारांश. बरीचशी इंटरनेट अर्काइव्हवर आणि ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर फुकट आहेत. शोधायला उत्तम, पण सारांशात साक्षीदारांची नावं गाळलेली असतात आणि नात्याचा एखादा शब्द निसटलेला असतो. एखाद्या दुव्यावर सगळी साखळी टांगली असेल तर मूळ रोलचा फोटो मागवा.

चौथी पायरी: आई

बाप राजा, म्हणून त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. आईचं नाव मात्र कुणी लिहीत नाही. आणि आई सापडली की सावत्र भावंडं, आजोळ, जमिनींचे धागे एकदम उजेडात येतात. ताईच्या वंशावळीत विल्यम लाँगेस्पे होता, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते.

शेकडो वर्षं सगळे सांगत आले की विल्यमची आई 'सुंदर रोझमंड', दुसऱ्या हेन्रीची प्रसिद्ध प्रेयसी रोझमंड क्लिफर्ड. पुरावा काय? काही नाही. राजाची प्रेयसी म्हटली की रोझमंड, इतकाच. मग विल्टशायरमधल्या ब्रॅडनस्टोक मठाच्या सनदवहीत विल्यमचीच एक सनद आढळली. मठाला दान देताना तो लिहितो, "माझी आई काउंटेस ईडा". तीन-चार लॅटिन शब्दांत रोझमंडची सुट्टी झाली!

पण नुसतं 'काउंटेस ईडा' कळून भागत नाही, कुठली ईडा? काउंटेस म्हणजे अर्लची बायको, आणि त्या काळातल्या काउंटेसा मोजक्या. त्यांत नॉरफोकच्या अर्ल रॉजर बिगॉडची बायको ईडा होती. आता दुसरा, पूर्ण वेगळ्या ठिकाणचा कागद. २७ जुलै १२१४ रोजी बुव्हीनच्या लढाईत फ्रेंचांनी विल्यमला पकडलं. फ्रेंचांकडच्या युद्धकैद्यांच्या यादीत एक राल्फ बिगॉड आहे, आणि त्याच्यापुढे लिहिलंय 'सॉल्झबरीच्या अर्लचा भाऊ'. बिगॉड आणि लाँगेस्पे भाऊ कसे? आई एक असेल तरच. तिसरा धागा नावांचा: विल्यमच्या मुलींत ईडा हे नाव आहे. एकटा धागा कच्चा, पण तिन्ही एकाच गाठीकडे जातात आणि एकही दुसऱ्याची नक्कल नाही. पुरावा म्हणतात तो याला. एकाच पुस्तकातून उचललेली दहा संकेतस्थळं म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

विल्यमनंतरची वाट त्यामानाने सरळ आहे, कारण त्याची मुलं औरस. त्यांतला मला हवा होता स्टीफन. स्टीफनची लेक एला रॉजर ला झूशला दिली. त्यांचा मुलगा ॲलन १३१४ मध्ये वारला, मागे मुलगा नाही, तीन मुली. त्यांतली मॉड रॉबर्ट हॉलंडची बायको, आणि त्यांचा मुलगा थॉमस हॉलंड हा केंटच्या जोनचा पहिला नवरा. दुसऱ्या नवऱ्यापासून तिला झालेला मुलगा म्हणजे राजा दुसरा रिचर्ड. म्हणजे पुढे गादीवर आलेल्या दुसऱ्या रिचर्डचे सावत्र भाऊ हे दुसऱ्या हेन्रीच्या लेकावळ्याचे वंशज.

असे दुवे जोडायला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे मरणोत्तर चौकशी. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की स्थानिक पंच बसवून विचारायचे: मेला कधी, जमीन कुठली, वारस कोण, वय किती. हे कागद तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आहेत ('सी १३२' ते 'सी १४२'). ॲलनसारखा निपुत्रिक माणूस संशोधकाला पर्वणी, कारण सगळ्या मुली वारस म्हणून एकत्र नोंदल्या जातात. वयावर मात्र फार विसंबू नका. 'एकवीस वर्षं आणि अधिक' याचा अर्थ सज्ञान, एवढाच. चाळिशीचा माणूसही त्यात बसतो.

पाचवी पायरी: चर्चचे कागद

अनौरस माणसाला पाद्री व्हायचं तर 'जन्मदोषा'बद्दल पोपची माफी लागायची. त्या अर्जांत आई-बाप लग्नाचे होते की अविवाहित हेही लिहिलेलं असतं. पोपच्या पत्रांचे ब्रिटन-आयर्लंडपुरते सारांश छापलेले आहेत. चौथ्या हेन्रीचा एडमंड नावाचा अनौरस मुलगा उजेडात आला तो १४१२ च्या अशाच एका परवानगीमुळे.

सर्वांत गाजलेलं प्रकरण बोफर्ट भावंडांचं. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट आणि कॅथरीन स्विनफर्ड यांची ही चार मुलं. १३९६ च्या जानेवारीत दोघांनी लिंकनला लग्न केलं, त्याच वर्षी पोपने मुलांना औरस ठरवलं, आणि ९ फेब्रुवारी १३९७ ला दुसऱ्या रिचर्डने संसदेत तशी सनद दिली. मर्टनचा कायदा आड येत होता, म्हणून नुसत्या पोपवर भागलं नाही. पुढे १४०७ मध्ये सावत्र भाऊ चौथ्या हेन्रीने सनदेत 'राजपद वगळून' असे शब्द घुसडले. तरी बोफर्ट घराण्यातल्या एका मुलीचा मुलगा सातवा हेन्री म्हणून गादीवर बसलाच.

ढालीवरचे सिंह

सॉल्झबरीच्या कथीड्रलमध्ये विल्यम लाँगेस्पेची दगडी मूर्ती निजलेली आहे. डाव्या हातावर लांब ढाल आणि ढालीवर सहा उभे सिंह. हे सिंह बापाचे नव्हेत. आजोबा आँजूच्या जेफ्रीच्या निळ्या ढालीवरचे सोनेरी सिंह. चर्च वा कायदा काहीही म्हणो, घराण्याशी असलेलं नातं ढालीवर कोरलेलं होतं. (१७९१ मध्ये थडगं उघडलं तेव्हा कवटीत एक सुकलेला उंदीर निघाला. तो आता सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे. वंशाशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

डावीकडून तिरकी पट्टी म्हणजे अनौरस, हा नियम डोक्यातून काढा. मध्ययुगात असा एकच ठरीव नियम नव्हता. औरस ठरल्यावर बोफर्टांनी राजचिन्हाभोवती निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची किनार घेतली. चिन्ह संशय जागा करतं, शाबीत काही करत नाही.

कुठे पाय घसरतो

शब्दांवर. 'फिट्झ' म्हणजे मुलगा. फिट्झरॉय म्हणजे राजाचा मुलगा, पण मध्ययुगात ते आडनाव नव्हतं. मुलाच्या मुलाला ते लागत नसे. म्हणून आजच्या फिट्झरॉय आडनावाच्या माणसाला जॉन राजाशी जोडणं व्यर्थ. 'प्लँटॅजेनेट' हेही आडनाव म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्याला यॉर्कच्या ड्यूक रिचर्डने लावलं. बाराव्या शतकातल्या कुणाला ते चिकटवलेलं दिसलं की समजावं, हे नंतरच्या हाताचं. लॅटिन 'नेपोस' म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातू. मी एके ठिकाणी नातू धरून तीन आठवडे एक अख्खी पिढी जास्त मोजली होती.

तारखांवर. इंग्रजांचं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि सरकारी कागदांवर राज्यारोहणापासूनची वर्षं. वरची ९ फेब्रुवारी १३९७ ही तारीख कागदावर 'रिचर्डचं विसावं वर्ष' अशी, आणि जुन्या गणतीने १३९६. मोडी कागदांतला सुहूर सन उलगडताना जंत्री उघडी ठेवतो, तशीच इथेही ठेवायची.

आणि घराण्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर. १५३० ते १६८८ या काळात राजचिन्हांचे अधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत. आपल्या कैफियतींचा आणि यांचा नमुना एकच: आजोबा-पणजोबांपर्यंत ऐवज चोख, त्यापलीकडे तोंडाला येईल ते. शेवटच्या चार पिढ्या घ्या, वरचं सगळं पेन्सिलने लिहा.

गोष्टीही अशाच. केंटमधल्या ईस्टवेलच्या रजिस्टरात २२ डिसेंबर १५५० ला 'रिचर्ड प्लँटॅजेनेट'ला पुरल्याची नोंद आहे. तो म्हणे तिसऱ्या रिचर्डचा लपवलेला मुलगा, बॉसवर्थच्या लढाईनंतर गवंडी होऊन जगला. ही गोष्ट छापून आली १७३५ मध्ये, म्हणजे १८५ वर्षांनी. तिसऱ्या रिचर्डने आपली अनौरस मुलं लपवली नव्हती. जॉनला त्याने १४८५ मध्ये उघडपणे कॅलेचा कॅप्टन केलं, आणि कॅथरीनचं लग्न हंटिंगडनच्या अर्लशी लावून दिलं. मग हाच एक का लपवला असेल?

डीएनएबद्दल

लाळ पाठवून प्लँटॅजेनेट असल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. नेहमीच्या चाचणीत दर पिढीला वारसा अर्धा होतो. वीस पिढ्यांपलीकडच्या एका पूर्वजाचं त्यात काही ओळखू येत नाही. उरतात दोन सरळ रेषा: बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र (थोडक्यात 'वाय'), आणि आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए.

लेस्टरला २०१२ मध्ये जमिनीखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्यावर दोन्ही वापरले. निकाल २०१४ मध्ये छापला गेला. आईकडची रेषा जुळली. रिचर्ड आणि बोफर्ट दोघेही कागदावर तिसऱ्या एडवर्डच्या पुरुष रेषेतले, म्हणून वायसाठी बोफर्टांच्या पुरुष शाखेतले, म्हणजे सॉमरसेट घराण्यातले, पाचवा ड्यूक ऑफ बोफर्ट (१७४४–१८०३) याचे पाच वंशज घेतले. एकाचाही वाय रिचर्डशी जुळला नाही! चौघांचा एकमेकांशी जुळला, पाचवा त्यांच्याहूनही निराळा. म्हणजे अलीकडच्या पिढ्यांत एकदा, आणि त्याआधी मध्ययुगापासूनच्या वाटेवर कुठेतरी एकदा, कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे. या रेषेत उघड अनौरस दुवे दोन होते, पहिला बोफर्ट आणि पहिला सॉमरसेट. साखळी तिथेच तुटली असं मात्र चाचणी सांगत नाही. ती चर्चमध्ये रीतसर लग्न झालेल्या एखाद्या जोडप्यापाशीही तुटलेली असू शकते. याच पाचव्या ड्यूकचा नातू सर हेन्री सॉमरसेट १८५५ मध्ये मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होऊन आपल्याकडे आला होता. त्याच्या वंशावळीवरही राजा तिसरा एडवर्ड दिमाखात बसलेला.

म्हणून वंशावळ लिहिताना दर दुव्याशेजारी दोन रकाने ठेवा: कागद कोणता, आणि तो घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला. दुसऱ्या रकान्यात पन्नासहून मोठा आकडा आला की त्या दुव्याला लाल खूण.

ताईच्या वंशावळीत अशा अकरा खुणा पडल्या. हॉलंडपर्यंतचा वरचा भाग चोख. मधला बराचसा चालून जाईल. घोळ निघाला तो अगदी खाली, १६९० च्या दशकात, यॉर्कशायरच्या एका छोट्या परगण्यात: एकाच आडनावाचे दोन जॉन, एकाच वर्षी बाप्तिस्मा, एकाचा बाप जमीनदार आणि दुसऱ्याचा विणकर. जावयाच्या काकाने अर्थातच जमीनदार निवडला होता. ताईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "विणकर असला तरी चालेल गं, पण नक्की कोण ते तरी सांग." रजिस्टराच्या ज्या प्रती दरवर्षी बिशपकडे जायच्या, त्यांत धंदा लिहिलेला असण्याची शक्यता आहे. त्या पानांचे फोटो मागवलेत.